रिकाम्या बारच्याही आधी

पहिल्यांदाच बार आणि डंबेल हाती घेणाऱ्या स्त्रीने व्यायामाचा कार्यक्रम निवडताना दोन आकडे सर्वांत आधी पाहावेत: सुरुवात किती किलोपासून होते आणि दर खेपेला वजन किती वाढते. व्यायामांची नावे, आठवड्याची आखणी, प्रशिक्षकाची ख्याती हे सगळे त्यानंतर. जगभर गाजलेले बहुतेक कार्यक्रम पुरुषाची ताकद गृहीत धरून लिहिलेले आहेत. त्यांतील व्यायाम उत्तम आहेत, क्रमही योग्य आहे. पण पहिलेच वजन अनेक स्त्रियांना जड जाते आणि पुढची वाढ त्याहून जड. तीन-चार आठवड्यांत गाडी अडते. मग 'आपल्याला हे जमणारे नाही' असे स्त्री स्वतःला समजावते, आणि चूक आकड्यांची होती हे तिला कोणी सांगत नाही.

कोल्हापूरच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर वसलेल्या कळंब्यात हा प्रश्न आता आडवळणाचा राहिलेला नाही. शहर या बाजूला वाढत गेले तशी घरे वाढली आणि घरांपाठोपाठ जिमही आल्या. कळंबा तलावाच्या परिसरात पहाटे फिरायला येणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. चालण्याने हृदय आणि फुप्फुसे चांगली राहतात, रक्तातील साखर आटोक्यात ठेवायला मदत होते. पण खांदे, पाठ, हात यांना त्यात जवळजवळ काहीच काम नसते आणि हाडांवर येणारा भार रोज तोच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही. यातला पहिला भाग तलावाकाठी पुरा होतो. दुसरा राहून जातो.

खरे तर मेहनतीचे शास्त्र कोल्हापूरला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1912 मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान, गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमी, जोर-बैठका, सपाट्या, करेल आणि मुद्गल ही सगळी ताकद कमावण्याचीच साधने. नव्या पठ्ठ्याला वस्ताद पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावत नाही. अंग तयार होईल तसा आकडा वाढवत नेतो. वजनाच्या आधुनिक व्यायामाचा पायाही नेमका हाच आहे. पण तालमीत बाईमाणसाला प्रवेश नसे. त्यामुळे ज्या घरात आजोबांनी आणि चुलत्यांनी मैदाने गाजवली, त्या घरातल्या मुलीलाही जिममध्ये पहिल्या दिवशी बार कसा धरायचा हे ठाऊक नसते.

ओझे मात्र तिने कायम उचलले. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त, म्हणजे भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास जातो. युरियाचे पोते 45 किलोचे. वैरणीचा भारा, पाण्याने भरलेली घागर, कडेवरचे मूल यांची तर मोजदादच नाही. वजन उचलणे बाईच्या प्रकृतीला झेपत नाही असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. तरीही कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टाचे ओझे शरीराची तयारी पाहून ठरत नाही, ते हळूहळू वाढत नाही, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडते, आणि दुखले तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी देत नाही. व्यायामात वजन मोजलेले असते, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि मध्ये विश्रांती असते. आयुष्यभर राबलेल्या बाईची कंबर धरते आणि त्याच वयाच्या, नीट मेहनत केलेल्या बाईची ताकद वाढते, या फरकामागे मुख्यतः हीच कारणे असतात.

स्पर्धेतील वेटलिफ्टिंगमध्ये स्त्रियांना जागा मिळायलाही वेळ लागला. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा 1987 मध्ये अमेरिकेत डेटोना बीच येथे झाली आणि ऑलिम्पिकची दारे 2000 मध्ये सिडनीत उघडली. त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो वजनगटात एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. टोकियोत 2021 मध्ये मीराबाई चानूने 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून रौप्यपदक मिळवले, त्यात क्लीन अँड जर्कचे 115 किलो होते, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. कोल्हापूर जिल्ह्यातही या खेळाचे एक ठाणे आहे. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदके मिळवली. शेजारच्या सांगलीच्या काजोल सरगरने खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटाचे सुवर्ण जिंकले. मार्च 2023 मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती मारली. कुस्ती आणि वेटलिफ्टिंग दोन्हींत या पट्ट्यातल्या मुली आता मैदानात आहेत.

तरीही तिशी-चाळिशीत पहिल्यांदा जिमची पायरी चढणाऱ्या स्त्रीने या खेळाडूंचा सराव उचलून आपल्या वहीत उतरवू नये. वेटलिफ्टिंगच्या खेळात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोनच प्रकार असतात. दोन्ही वेगाचे आणि कौशल्याचे आहेत आणि शिकायला चांगला कोच व बराच काळ लागतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट येतात. बॉडीबिल्डिंगमध्ये वजन हे साधन असते, स्नायूंचा आकार हे साध्य. नव्या स्त्रीला लागतो तो साधा ताकदीचा कार्यक्रम, जो पॉवरलिफ्टिंगच्या व्यायामांतून थोडे, तालमीतून थोडे आणि डंबेलच्या व्यायामांतून बरेच घेतो.

मशीन सोडून फ्री वेटच, म्हणजे मोकळे बार आणि डंबेलच का, असा प्रश्न अनेकजणी विचारतात. मशीनमध्ये वजनाचा मार्ग ठरलेला असतो, त्यामुळे तोल सांभाळायचे काम शरीराला करावे लागत नाही. शिवाय अनेक मशीनची बैठक आणि दांडे उंच माणसाच्या मापाने बनवलेले असतात. पाच फूट उंचीच्या बाईचे गुडघे आणि खांदे तिथे नीट जुळत नाहीत. डंबेल प्रत्येकीच्या मापाला आपोआप बसते. मशीन वाईट नाही, फ्री वेटच्या जोडीला ते चालते, पण पाया फ्री वेटचा असावा.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या पद्धतीला वैद्यकीय बैठक दिली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात त्याच्याकडे येत. त्यांच्या गुडघ्यांच्या दुर्बळ स्नायूंवर हलका व्यायाम करत बसण्याऐवजी त्याने वाढत्या वजनाचा मारा केला आणि 1945 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट ही आज प्रत्येक जिममध्ये ऐकू येणारी आकडेवारी त्याच्याच कामातून आली. पुढे ताकदीसाठी पाच-पाचचे सेट लोकप्रिय झाले. मार्क रिपटोच्या 'स्टार्टिंग स्ट्रेंथ' या पुस्तकातला कार्यक्रम पाचचे तीन सेट सांगतो. 'स्ट्राँगलिफ्ट्स' या नावाने पसरलेला दुसरा कार्यक्रम पाचचे पाच सेट. दोन्हींत आठवड्यातून तीन दिवस, मोजकेच व्यायाम आणि दर खेपेला थोडी वाढ. नवख्यासाठी ही रचना फार चांगली आहे. खोट आहे ती किलोंच्या हिशेबात.

ऑलिम्पिक बार रिकामाच 20 किलोचा असतो. साठ किलोंनी स्क्वॉट मारणाऱ्या पुरुषाने 2.5 किलो वाढवले तर वाढ होते सुमारे 4 टक्के. रिकाम्या बारने डोक्यावर प्रेस करणाऱ्या स्त्रीने तेच 2.5 किलो वाढवले तर ती वाढ 12.5 टक्के होते. आणि बऱ्याच जिममध्ये सर्वांत लहान प्लेट 2.5 किलोची असते; ती दोन्ही बाजूंना लावावी लागते, म्हणजे 20 वरून थेट 25, म्हणजे 25 टक्क्यांची उडी. डंबेलमध्ये तर 5 वरून 7.5 किलोवर जायचे तर एका झटक्यात 50 टक्के. अशी उडी कोणाही नवशिक्याला पेलत नाही. स्पर्धेत स्त्रियांचा बार वेगळा असतो, 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाडीचा, पुरुषांचा 28 मिलिमीटरचा. लहान पंजात तो नीट बसतो. साध्या जिममध्ये तो क्वचितच दिसतो.

म्हणून स्त्रीसाठी लिहिलेला किंवा जुळवून घेतलेला चांगला कार्यक्रम तीन गोष्टी करतो. तो रिकाम्या बारच्याही आधीपासून, म्हणजे डंबेल, हलका रॉड किंवा नुसत्या काठीपासून सुरू होतो. तो अर्ध्या किंवा एक किलोने वाढतो. आणि जिथे तेवढी लहान प्लेट नसते तिथे वजनाआधी आवर्तने वाढवतो: 5 किलोच्या डंबेलने आठ-आठचे तीन सेट, मग नऊ, मग दहा, असे करत तिन्ही सेट बारा-बाराचे झाले की मगच 7.5 किलोला हात लावायचा आणि पुन्हा आठवर यायचे. ही रीत मंद वाटते, पण अडकत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते आणि आरशात मात्र काही दिसत नाही, याचे अनेकींना नवल वाटते. या काळात स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंतून जास्त काम करून घ्यायला शिकत असतात. स्नायूंची वाढ त्यामागून येते आणि स्त्रियांत ती बेताचीच राहते, कारण टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फारच कमी असते. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलून अंग पुरुषी होत नाही. तसे शरीर कमावायला वर्षानुवर्षांची मेहनत, ठरवून घेतलेला खुराक आणि अनेकदा औषधेही लागतात.

व्यायाम किती असावेत? पाच हालचाली पुरतात: बसून उठणे, कमरेतून वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि वाहून नेणे. यांपैकी पहिल्या दोन नीट शिकण्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

बसून उठण्याची हालचाल कोल्हापुरात बैठकेमुळे ओळखीची आहे, पण देशी बैठक आणि वजनाचा स्क्वॉट यांत एक मोठा भेद आहे. देशी बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यांवर येतो. स्क्वॉटमध्ये टाच, अंगठ्याची गादी आणि करंगळीची गादी तिन्ही जमिनीवर घट्ट राहतात. पावले खांद्याइतकी रुंद, बोटे किंचित बाहेर, गुडघे बोटांच्या दिशेने. सुरुवातीला डंबेल उभे करून छातीशी दोन्ही हातांनी धरावे. त्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. पुढे धरलेल्या वजनामुळे पाठ आपोआप ताठ राहते आणि तोल मागे जात नाही. मागे एक स्टूल ठेवून त्याला टेकण्यापुरते बसावे आणि उठावे. जमेल तसे स्टूल ठेंगणे करावे. खेड्यातल्या वयस्क बाया उकिडव्या बसून तासभर भाजी निवडतात आणि सहज उठतात. ओट्याच्या स्वयंपाकघरात आणि खुर्चीवर दिवस काढणाऱ्या पिढीची ती सवय मोडली आहे, म्हणून घोटे आणि खुबे मोकळे व्हायला काही आठवडे द्यावे लागतात. गॉब्लेट स्क्वॉट 12 ते 15 किलोंनी दहा वेळा स्वच्छ होऊ लागला की बार खांद्यावर घ्यायला हरकत नाही.

कमरेतून वाकणे ही त्याहून नाजूक गोष्ट. भाताची लावणी, खुरपणी, केर काढणे या सगळ्या कामांत पाठ गोल होते आणि भार मणक्यावर येतो. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहण्यात, वाकणे पाठीतून होत नाही, खुब्यातून होते. ते शिकायला एक काठी पुरते. काठी पाठीला उभी लावावी, एक हात मानेमागे आणि एक कमरेमागे धरून. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे राहावे, गुडघे जरासे सैल सोडावेत आणि बूड मागे सरकवत भिंतीला लावावे. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणे खुब्यातून झाले. माकडहाडावरची काठी सुटली तर पाठ वाकली. हे जमले की पाऊल थोडे पुढे घेऊन पुन्हा तेच. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला म्हणजे काम योग्य जागी होते आहे. त्यानंतर हातात डंबेल, आणि मग बार.

बारच्या डेडलिफ्टमध्ये आणखी एक अडचण असते, जी पुस्तकात फारशी येत नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटांचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून 22.5 सेंटिमीटर उंच राहतो. हे अंतर ठेवण्यासाठीच अनेक कार्यक्रम डेडलिफ्ट 40 किलोपासून सुरू करायला सांगतात. कमी वजनासाठी लहान लोखंडी प्लेटा लावल्या की बार खाली येतो, आणि तो गाठायला नवशिकी पाठ वाकवते. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या किंवा आडव्या प्लेटा रचून बार नडगीच्या मध्यापर्यंत उचलून ठेवावा. बार पायाच्या मध्यावर, नडगीच्या अगदी जवळ, हात सरळ, श्वास पोटात भरून कंबर आवळलेली, आणि मग पायांनी जमीन खाली दाबायची. बार मांडीला घासत वर आला पाहिजे. अंगापासून चार बोटे जरी लांब गेला तरी कमरेवरचा भार वाढतो.

ढकलण्यासाठी जोर उत्तम. जमिनीवर जमत नसतील तर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून मारावेत, मग पलंगाला, मग जमिनीवर. डोक्यावर ढकलायला दोन-तीन किलोंची डंबेल पुरतात. ओढण्यासाठी बाकावर एक हात टेकून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढावे. वाहून नेण्यासाठी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन ताठ चालावे. पकड, खांदे आणि पोट तिन्हींना काम मिळते.

यांतून आठवड्याची आखणी करायची तर दोन दिवसही पुरेत, तीन उत्तम, आणि मध्ये निदान एक दिवस मोकळा. एका दिवशी स्क्वॉट, डोक्यावरचा प्रेस आणि ओढणे. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, जोर आणि वाहून नेणे. तिसरा दिवस असेल तर पुन्हा पहिला, अशी पाळी चालू ठेवावी. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. सेट संपताना अंगात अजून दोन आवर्तनांची ताकद शिल्लक असावी. पहिल्या तीन महिन्यांत दमेपर्यंत रेटण्याची गरज नाही. मुख्य व्यायामाआधी तोच व्यायाम निम्म्या वजनाने एक-दोनदा करून घ्यावा. एवढे सगळे 45 ते 50 मिनिटांत होते. घर, नोकरी आणि मुलांचे डबे सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी हीच कार्यक्रमाची खरी कसोटी आहे. सहा दिवस दीड-दीड तास मागणारा कार्यक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी तिच्या कामाचा नाही.

वही ठेवावी. तारीख, व्यायाम, किलो आणि प्रत्येक सेटची आवर्तने, बस. 'गॉब्लेट 10 किलो, 8, 8, 7' एवढी ओळ पुढच्या वेळी काय करायचे ते सांगते. एकाच वजनावर लागोपाठ तीन खेपा अडले तर दहा टक्के वजन उतरवून पुन्हा चढावे. सुरुवातीला व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या आणि पाठ आखडतात, ते साहजिक आहे. सांध्यात टोचल्यासारखे किंवा पायात मुंग्या उतरवणारे दुखणे मात्र साहजिक नव्हे. तिथे थांबून डॉक्टरला दाखवावे.

कामाचा नसलेला कार्यक्रम ओळखता येतो. त्यात किलोंचा उल्लेखच नसतो, रोज नवे व्यायाम असतात, किंवा छातीचा दिवस, दंडाचा दिवस अशी बॉडीबिल्डरची वाटणी जशीच्या तशी उचललेली असते. 'पोट कमी करण्याचे' आणि 'दंडाची चरबी उतरवण्याचे' वेगळे व्यायाम सांगणारा कार्यक्रम तर सरळ बाजूला ठेवावा. एखाद्या जागेचा व्यायाम करून त्याच जागेची चरबी उतरत नाही. अनेक जिममध्ये नव्या बाईला ट्रेडमिल दाखवून दोन किलोची गुलाबी डंबेल हातात देतात आणि वर्षभर तीच राहतात. फी भरण्याआधी प्रशिक्षकाला विचारावे: तीन महिन्यांनी माझा स्क्वॉट किती किलोवर असेल, आणि तिथे कसे पोहोचवणार? नीट उत्तर देणारा, हालचाल बघून चूक सांगणारा आणि हात लावण्याआधी विचारणारा प्रशिक्षक मिळाला तर सोडू नये. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) शिकलेला कोच किंवा एखादी जुनी महिला खेळाडू जवळपास शिकवत असेल तर पहिले काही धडे तिथे घेणे सर्वांत चांगले.

स्त्रीच्या शरीराच्या काही बाबी बहुतेक कार्यक्रमांत येतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दोन सेटमध्ये धाप लागणाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या स्त्रीने आळसाला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. 12 ग्रॅमच्या खाली असेल तर आधी उपचार. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवण्याचे वैद्यकीय कारण नाही. त्रास होत असेल तर वजन कमी करावे, नसेल तर नेहमीसारखे चालू द्यावे. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, डॉक्टरांच्या संमतीने आणि अगदी काठीपासून सुरुवात करावी. वजन उचलताना लघवी निसटणे किंवा योनिमार्गात खाली काही ओढल्यासारखे वाटणे ही लाजून लपवायची गोष्ट नाही. ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्टकडे उपाय असतात. उच्च रक्तदाब, हर्निया, सरकलेली चकती असलेल्यांनी आधी सल्ला घ्यावा आणि श्वास कोंडून जड वजन उचलू नये.

खुराकाबाबत तालमीचे थंडाई-बदाम नकोत, पण प्रथिने हवीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅमची आहे, म्हणजे 55 किलोच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम. नियमित वजन उचलणारीला 65 ते 85 ग्रॅमपर्यंत न्यावे लागते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. डाळी, झुणका, शेंगदाणे, दही, दूध, मासे यांतून बाकीचे. कोल्हापुरी जेवणात तांबडा-पांढरा रस्सा कितीही ओरपला तरी मटणातली प्रथिने फोडींत असतात, आणि घरात शेवटी जेवणारीच्या ताटात बहुधा रस्साच उरतो. ताकद कमावायची तर तिने फोडी आधी वाढून घ्याव्यात.

पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना हा सगळा मामला तरुणींचा वाटतो. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाने केलेल्या एका अभ्यासाने याच्या उलट दाखवले. हाडे विरळ झालेल्या, सरासरी 65 वयाच्या 101 स्त्रियांतून एका गटाला आठ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावरचा प्रेस पाच-पाचच्या सेटमध्ये शिकवला, आणि वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या 85 टक्क्यांवर नेले. या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती 1.2 टक्के घटली. त्या स्त्रियाही पहिल्याच दिवशी जड वजनावर गेल्या नव्हत्या. आधी हालचाल शिकवली, मग वजन चढवले. देखरेखीशिवाय हा प्रयोग घरी करू नये.

साधारण सहा महिन्यांनी दर खेपेची वाढ थांबते. मग आठवड्याला, पुढे महिन्याला वाढ होऊ लागते आणि तेव्हा वेगळा कार्यक्रम लागतो. त्याआधी कार्यक्रम बदलणे म्हणजे रुजू लागलेले रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावणे. ज्यांना स्पर्धेची ओढ लागेल त्यांना कुरुंदवाड आणि सांगली लांब नाहीत.

कळंब्यातल्या आणि इतर ठिकाणच्याही जिमचालकांना एक विनंती. महागडी मशीन घेण्याआधी 15 किलोचा एक बार, अर्ध्या आणि एक किलोच्या प्लेटांच्या दोन-दोन जोड्या आणि चार मजबूत लाकडी फळ्या घ्याव्यात. खर्च एका मशीनच्या मानाने किरकोळ आहे, आणि एवढ्यावर आपल्या वस्तीतल्या कितीतरी स्त्रियांचा पहिला महिना निभावून जाईल.